सोसायटीचा खतप्रकल्प पावसात वास मारू लागला, आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीतली ६० घरांची सोसायटी. पाच रहिवाशांनी एकत्र येऊन मे महिन्यात ओल्या कचऱ्याचं खत करायला सुरुवात केली. मागच्या अंगणात विटांचे दोन हौद बांधले. महिनाभर उत्तम चाललं. जूनअखेर वास सुटला, अळ्या झाल्या, तळमजल्यावरच्या एका कुटुंबाने लेखी तक्रार दिली. आता कमिटी म्हणते, एक तर मशीन घ्या, नाहीतर हे बंद करा. निम्मी घरं अजून कचरा वेगळा करत नाहीत, आणि पाचांतले दोघे गळाले आहेत.

मी पुण्यात सोळा वर्षं हे काम करतो आहे. सुरुवात आमच्याच ४८ घरांच्या सोसायटीत झाली, मग आसपासच्या वीसेक सोसायट्यांत हात लागला. तुम्ही लिहिलेली प्रत्येक गोष्ट आमच्याकडे घडून गेली आहे, जवळपास याच क्रमाने. प्रकल्प बंद करू नका. मशीनही घेऊ नका. आधी हौद का नासला ते समजून घ्या.

चार माणसांच्या घरातून रोज साधारण अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा निघतो. तुमची निम्मीच घरं वेगळा देतात म्हणजे रोजचे १५ ते २० किलो. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच असा हौद पालापाचोळ्यासकट एवढ्या कचऱ्याने महिन्याभरात भरत येतो. खत व्हायला मात्र अडीच महिने लागतात. म्हणजे दोन हौदांत हे काम बसतच नाही. मे महिन्यात चाललं, कारण हौद रिकामे होते, हवा कोरडी होती आणि अंगणात पाला पडलेला होता. जूनअखेर दोन्ही हौद गळ्यापर्यंत आले, वरून पाऊस लागला, पाला संपला. माल खालीवर करायलाही जागा उरली नाही. यात तुमची मेहनत कुठे कमी पडलेली नाही, हिशोब कमी पडला. तेवढं कमिटीला स्पष्ट सांगा. आत्ताच्या प्रमाणात किमान चार हौद लागतील. सगळी ६० घरं आली तर सहा-सात, तेही फिरते: एक भरायचा, बाकीचे शिजत ठेवायचे.

आता दुरुस्ती. आठवडाभर नवा ओला कचरा हौदात टाकू नका, पालिकेच्या गाडीत वेगळा द्या. उघडीप मिळेल त्या सकाळी दोन्ही हौद रिकामे करा. खाली ताडपत्री अंथरा आणि फावड्याने सगळा माल बाहेर काढा. वरचा थर बरा दिसेल. एक फूट खाली गेलात की काळा, चिकट, गोळा झालेला थर लागेल आणि कुजक्या अंड्याचा वास येईल. तिथे हवा पोचत नाही, म्हणून हवेशिवाय जगणारे जंतू कामाला लागले आहेत. खत करणारे जंतू श्वास घेतात. त्यांना हवा लागते, आणि ओल चिंब नव्हे, पिळलेल्या फडक्याइतकी लागते. मूठभर माल घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून एखाद-दोन थेंब आले तर ओल बरोबर. धार लागली तर पाणी जास्त आहे. मूठ उघडल्यावर गोळा भुसभुशीत होऊन सुटला तर कोरडं आहे, थोडं पाणी शिंपडा.

पसरलेल्या मालात कोरडं काही मिसळा. पावसाळ्यात पाला मिळणार नाही. सुतारांकडे लाकडाचा भुसा मिळतो, पण तो साध्या लाकडाचा घ्या. प्लायवूडचा नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात. कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, विटा मिळतात, थोड्या महाग पडतात. काहीच मिळालं नाही तर पुठ्ठ्याची खोकी हाताने फाडून टाका, चिकटपट्टी काढून. ओल्या कचऱ्याच्या एका बादलीला निदान अर्धी बादली कोरडा माल हे प्रमाण भिंतीवर लिहून ठेवा. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र (नायट्रोजन) भरपूर असतं, कर्ब (कार्बन) कमी पडतो. कर्ब आणि नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ च्या आसपास असलं की माल छान तापतो. पाला टाकायचा तो एवढ्यासाठी. नाकाला झोंबणारा तिखट अमोनियाचा वास आला तर पाला कमी पडलाय असं समजा. आंबट वास आला तर ओल जास्त आणि हवा कमी.

मिसळलेला माल परत भरताना तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा जाड काटक्यांचा वीतभर थर द्या. वर पत्र्याचं छप्पर हवंच, आणि ते हौदापेक्षा दोन्ही बाजूंनी फूटभर बाहेर आलेलं हवं, नाहीतर तिरका पाऊस आत येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मध्यभागी एक लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटं ठेवा. बाहेर काढून हातात धरवली नाही तर तुमचा हौद जिवंत झाला. आत ५५ ते ६५ अंशांपर्यंत उष्णता चढते. हा क्षण कमिटीच्या सेक्रेटरींना बोलावून दाखवा. सळई त्यांच्या हातात द्या. मी हे किमान दहा ठिकाणी केलं आहे. त्या एका चटक्याने जे पटतं ते माझ्या तासाभराच्या बोलण्याने पटलेलं नाही.

अळ्यांबद्दल लोक फार घाबरतात. पावसाळ्यात दिसणाऱ्या मोठ्या, चपट्या, करड्या-तपकिरी अळ्या बहुतेक वेळा काळ्या सैनिक माशीच्या असतात. ही घरमाशी नव्हे, ताटावर येऊन बसत नाही. उलट तिच्या अळ्या कचरा झपाट्याने फस्त करतात. पण त्या दिसल्या याचा अर्थ वरचा कचरा उघडा राहिला. रोजच्या थरावर चार बोटं कोरडा माल पसरला की अळ्या आणि चिलटं दोन्ही कमी होतात. कीटकनाशक मारू नका. ज्यांच्या जिवावर खत होणार त्यांनाच तुम्ही माराल.

मशीनचं सांगतो, कारण कमिटीला तोच सोपा रस्ता वाटतो. आमच्या शेजारच्या सोसायटीने काही लाख रुपये घालून एक मशीन घेतलं होतं. २४ तासांत खत, असं विकणाऱ्याने सांगितलं. सकाळी त्यातून तपकिरी भुकटी बाहेर पडायची, वास छान, हाताला कोरडी. ती लोकांनी तुळशीत घातली आणि पंधरा दिवसांत तुळशी करपल्या. उरलेली भुकटी पोत्यात भिजली, तिला बुरशी आली आणि पुन्हा कचऱ्याचाच वास सुटला. अशा यंत्रात कचरा तापवून वाळवलेला असतो, कुजलेला नसतो. जंतूंचं काम २४ तासांत होत नाही. ती भुकटी पुढे महिना-दीड महिना हौदात मुरवावी लागते. म्हणजे हौद लागतोच, वर विजेचं बिल. कचरा बारीक करणारं साधं कटर यंत्र घ्यायला माझी हरकत नाही, त्याने काम लवकर होतं. पण तेही सहा महिन्यांनी, हौद नीट चालायला लागल्यावर.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते. तुम्ही पाच जण रोज स्वतः हौदातला माल खालीवर करत होतात, असं तुम्ही लिहिलंय. दोघे गळाले यात मला नवल वाटत नाही. स्वयंसेवकांनी रोजचं अंगमेहनतीचं काम स्वतःवर घेतलं की ते परीक्षांच्या, लग्नसराईच्या, आजारपणाच्या दिवसांत थांबतं, आणि खत एक आठवडाही थांबत नाही. रोजचं काम पगारी माणसाने करायचं. तुमचं काम लक्ष ठेवणं, घरोघरी बोलणं, पाला आणि सामान पुरवणं, आणि त्या माणसाचे पैसे वेळेवर देणं. आमच्याकडे ही विभागणी झाली तेव्हापासून एकही पावसाळा प्रकल्प बंद पडला नाही.

तो पगारी माणूस बहुधा तुमच्याकडे आधीपासून आहे. दारोदार कचरा उचलणाऱ्या ज्या कुणी ताई किंवा दादा तुमच्या इमारतीत येतात, त्यांना आधी विचारा. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था. त्या बायकांकडून मी जे शिकलो ते कुठल्या प्रशिक्षणात शिकलो नाही. आमच्या ताई बादली उचलून, वजनावरून आणि झाकणाच्या आवाजावरून सांगायच्या की आत काच आहे. त्यांना हौदाच्या कामाचे वेगळे पैसे द्या. आम्ही घरटी महिना ४० रुपये काढतो, रोजच्या साधारण तासाभराच्या कामाचे. हौदापाशी नळ आणि साबण ठेवा. लांब दांड्याचा पंजा आणून द्या, म्हणजे हात घालावा लागणार नाही. सुका कचरा विकून येणारे पैसे त्यांचेच राहू द्या. सोसायटीने भंगाराचे पैसे आपल्या खात्यात घेतले आणि ताईंनी कामात रस सोडला, असं मी दोन ठिकाणी पाहिलं आहे, आणि त्यांची चूक नव्हती.

वर्गीकरणाचं. निम्मी घरं करत नाहीत, हा आकडा बरा आहे, निराश होऊ नका. फलक, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश, सर्वसाधारण सभेतलं भाषण यांनी तो फारसा हलत नाही. सभेला भाडेकरू येत नाहीत, आणि कचरा बादलीत टाकणारी व्यक्ती तर सभेत कधीच नसते. पुष्कळ घरांत भाजीची देठं आणि उष्टं अन्न डब्यात टाकतात त्या घरकाम करणाऱ्या ताई. त्या एका दिवसात पाच घरं करतात आणि प्रत्येक घरात डबे वेगळ्या जागी असतात. आमचा आकडा वर गेला तो त्यांच्याशी बोलल्यावर. सकाळी साडेदहाला त्या जिन्यात भेटतात. दहा-बारा जणींना एकत्र चहाला बोलवा, हौद दाखवा, आणि त्यांनाच विचारा की डबा कुठे ठेवला तर सोयीचं होईल. आमच्याकडे एकीने सांगितलं, ओल्याचा डबा सिंकच्या खाली नको, ओट्यावर हाताशी हवा, वाकायला वेळ नसतो. एवढ्याने तीन घरं सुधारली.

बाकीच्या घरी जोडीने जा, संध्याकाळी सात ते साडेआठ, हातात पत्रक नको, खताची छोटी पिशवी आणि चाळणीतला उरलेला माल घेऊन जा. हा उरलेला माल मी नेहमी जवळ ठेवतो. बारा मिलिमीटरच्या चाळणीवर अडीच महिन्यांनी काय उरतं पाहा: दुधाच्या पिशवीचे कापलेले त्रिकोणी कोपरे, शाम्पूच्या पुड्यांच्या कडा, रबरबँड, सफरचंदावरचे स्टिकर, हाराचा दोरा, कोथिंबिरीच्या जुडीची सुतळी, एखादा चमचा. ते कोपरे एकदा मुठीत भरून ताटलीत ओतले की समोरची व्यक्ती आपण होऊन म्हणते, अहो, हे तर माझ्याकडचंच असणार. मग सांगा: पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका, चीर द्या, म्हणजे तो तुकडा पिशवीलाच राहतो. इतकी छोटी गोष्ट लोक लगेच करतात. त्यानंतर मोठी गोष्ट मागता येते.

सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर वेगळे, कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका. ही ‘स्वच्छ’ची पद्धत आहे, ती जशीच्या तशी उचला. याबद्दल बोलायला लाजू नका. गुंडाळलेलं नसलं तर ते कुणाच्या तरी हातात उघडं पडतं, हे एकदा सरळ सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

तळमजल्यावरची तक्रार ही तुमच्या यादीतली पहिली गोष्ट हवी. आमच्याकडेही अशीच तक्रार आली होती आणि आम्ही त्या काकांना विरोधक ठरवून मोकळे झालो. वर्ष वाया गेलं. शेवटी एका रात्री दहा वाजता मी त्यांच्याकडे गेलो आणि त्यांच्या ओट्यापाशी खिडकीत उभा राहिलो. वारा पडला होता, आणि वास येत होता. मी दिवसा, वारा असताना हौदापाशी उभा राहून वास नाही असं म्हणत होतो. ते रोज रात्री जेवताना खिडकी लावून घेत होते. आम्ही माफी मागितली, तो हौद भिंतीपासून हलवून पार्किंगच्या टोकाला नेला, आणि माल खालीवर करायची वेळ सकाळी अकराची ठरवली, कारण तो खालीवर करताना वास येतोच आणि त्या वेळी वारा असतो. ते कधी आमच्या कामात सामील झाले नाहीत. खिडकी उघडी ठेवू लागले, मला तेवढं पुरे होतं. तुम्हीही त्या कुटुंबाकडे जा, रात्री जा, आणि त्यांच्या घरात उभे राहून वास घ्या.

कमिटीसमोर जाताना भावनेपेक्षा वही न्या. वजनाचा ताणकाटा आणा आणि रोज तीन आकडे लिहा: ओला कचरा किती किलो, कोरडा माल किती बादल्या, कुठल्या मजल्यावरून मिसळलेला कचरा आला. घरांचे नंबर लिहू नका, मजला पुरे. नंबर लावले की भांडणं होतात. तीन महिन्यांनी या वहीत टनाचा आकडा दिसेल. १०० किलो ओल्या कचऱ्यातून साधारण १५ ते २० किलो खत हाती येतं, आणि त्या १०० किलोंतलं काहीच गाडीने वाहून न्यावं लागत नाही. कायद्याचा मुद्दाही सांगा, पण धमकीसारखा नको. २०१६ च्या घनकचरा नियमांनीच ओला, सुका आणि घातक कचरा घरात वेगळा करायला सांगितलं, आणि दिवसाला १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांवर जास्त जबाबदारी टाकली. तुमची सोसायटी त्या मापात बसत नसेल, तरी वर्गीकरण सगळ्यांनाच लागू आहे. पुण्यात महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण यांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते, प्रकल्प चालू असला तर. तुमच्या महापालिकेत अशी काही तरतूद आहे का, प्रभाग कार्यालयात जाऊन विचारा.

आणि तुम्हाला हे का करायचं आहे ते डोंबिवलीकरांना वेगळं सांगायला नको. कल्याणच्या आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर सगळ्यांनी पाहिला आहे, त्याच्या आगींचा धूर घेतला आहे. २०२१ मध्ये तिथे कचरा टाकणं थांबलं, पण तो डोंगर झाला होता आपल्याच भाजीच्या देठांनी आणि शिळ्या भाताने. दाबून टाकलेल्या ओल्या कचऱ्यात हवा नसते, मिथेन तयार होतो, तो पेटतो. तुमच्या हौदाच्या तळाशी जून महिन्यात जे झालं तेच, फक्त शंभर फूट उंच. २०१६ च्या जानेवारीत मुंबईतलं देवनारचं कचऱ्याचं मैदान पेटलं तेव्हा ते धुमसणं दिवसेंदिवस चाललं होतं. मी हे सभेत बोलतो तेव्हा माझा आवाज चढतो, कारण त्या डोंगरांच्या पायथ्याशी माणसं राहतात आणि आमच्याकडे, पुण्याचा कचरा जिथे टाकला जायचा त्या उरुळी-फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी आपल्या विहिरींचं पाणी नासताना पाहिलं आहे.

तुम्ही शेवटी विचारलंय की प्लास्टिक गोळा करणं, वृक्षारोपण, ई-कचरा, सौर दिवे हेही आत्ताच सुरू करावं का. नको. पाच माणसांत एक काम. ई-कचऱ्याचं वर्षातून दोनदा एखाद्या रविवारी करा. बाकी पुढच्या वर्षी बघा.

स्वयंसेवकांसाठी पाळी लावा. आठवड्यातून एकेकाला एकच दिवस, वीस मिनिटं: सळई लावणं, मूठ दाबून पाहणं, वही लिहिणं, ताईंशी दोन शब्द. जो येऊ शकत नाही त्याने आदल्या रात्री कळवायचं. गळालेल्या दोघांना दोष न देता एवढीच वीस मिनिटं मागा, बहुतेक परत येतील. आठवीनववीतली मुलं घ्या. सळईचं काम ती आनंदाने करतात, आणि घरी जाऊन आईवडिलांच्या डब्यावर लक्ष ठेवतात.

गणपतीत निर्माल्य येईल. हौदात टाकण्यापूर्वी दोरे, जरी, थर्माकोल आणि प्लास्टिकची फुलं काढायला दोन माणसं लावा, सगळं एकदम टाकू नका, दोन आठवड्यांत पसरून टाका. शहाळी आणि करवंट्या हौदात नकोतच, आंब्याच्या कोयीही नाहीत. मासे-मटणाचे तुकडे आले तर मध्यभागी खोल पुरून वर जास्त पाला.

पहिला हौद तयार झाला की घाई न करता तपासा. पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येतो तसा वास यायला हवा आणि पाणी शिंपडल्यावर परत तापायला नको. अर्धं खत, अर्धी माती कुंडीत घेऊन मेथी पेरा. चार दिवसांत हिरवी टोकं दिसली तर वाटायला हरकत नाही. पहिली पिशवी ताईंना.

पाल्याची तयारी मात्र आतापासून. पानगळीचे महिने डिसेंबरअखेर ते एप्रिल. बदामाची पानं आधी, मग पिंपळ, पर्जन्यवृक्ष. पर्जन्यवृक्षाचा बारीक पाला सोन्यासारखा, पटकन कुजतो. आंबा आणि फणसाची पानं चिवट, ती वाळल्यावर पायाखाली चुरून घ्या. लोक या दिवसांत रस्त्याच्या कडेला पाला पेटवतात. उघड्यावर कचरा जाळण्यासाठी राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये ५,००० रुपये दंड ठरवला, तरी पेटवतात. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ नावाचा गट ज्यांच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्यांना हवा आहे त्यांची गाठ घालून देतो. तुमच्या भागातही शेजारच्या दोन शाळा आणि एक बाग हेरून ठेवा, तिथल्या माळीदादांशी दिवाळीनंतर बोला. रोज चार-पाच घमेली पाला लागेल असा हिशोब धरला तर पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी निदान ६० गोण्या गच्च भरून ठेवाव्या लागतील. गोण्या जिन्याखाली, जमिनीपासून वर, लाकडी फळीवर रचा. किराणा दुकानातून रिकाम्या गोण्या जमवायला आजच सुरुवात करा, तेव्हा कुठे जानेवारीपर्यंत तेवढ्या होतील.